दगडातला मासा

वापीजवळच्या टोकरखाड्यात आमच्या फ्लॅटमध्ये समुद्र होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत, फिल्टरच्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवून केलेला. नवरा सायली गावातल्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर; दिवसभराची मशिनं कमी पडतात म्हणून की काय, घरीही त्याला पंप आणि मीटर हवे होते. टाकी त्याची. माझा जीव तिच्यातल्या एका माशावर.

बोटाएवढा, पुढून जांभळा, मागून पिवळा. प्रवाळाच्या कपारीत लपून राहणारी जात. आणला त्या दिवशीच तो मोठ्या दगडाच्या भोकात शिरला आणि नवऱ्यापुरता संपला. "मेला असेल," तो म्हणाला. मला मात्र दुपारी चहाच्या वेळी दिसायचा. पडदा ओढून गप्प बसलं की आधी तोंड बाहेर, मग अर्धा, मग मी टाकलेल्या खाद्याच्या कणासाठी सगळा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणायचा, "तुला भास होतात." एका रविवारी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. लगेच प्लांटचा फोन आला आणि स्वारी बोलत बोलत गॅलरीत. मासा त्यानंतर आला. मी एकटीनेच पाहिला, आणि मनातून भयंकर चिडले.

मग नाशिकला बदली झाली. टाकी नवऱ्याच्या वापीच्या मित्राला द्यायचं ठरलं. बाकीचे मासे पाण्याच्या पिशव्यांत भरले. दगड मात्र ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात. त्यांच्यावरच्या बारीक जिवांना तेवढा ओलावा पुरतो. मी म्हटलं, "तो मोठा दगड बादलीत पाण्यात ठेव. आत मासा आहे."

"अगं, बादली गाडीत हिंदकळेल. आणि तो कधीच गेलाय."

मी वाद घातला नाही. सामान बांधून जीव मेटाकुटीला आला होता, आणि त्याच्या खात्रीपुढे मलाही वाटून गेलं, खरंच भास असेल.

वापीत मित्राने कागद सोडला. "अरे, आमां तो माछली छे!" तो आनंदाने ओरडला.

मासा भोकातून अर्धा बाहेर आला होता, हालचाल नव्हती. नवऱ्याने त्याला तळहातावर घेतलं, पाण्यात धरलं, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून हळूहळू पुढेमागे केलं. बराच वेळ. मध्ये फोन वाजला, तो त्याने उचलला नाही.

"किती सुंदर आहे गं," तो म्हणाला.

हेच मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आमच्या सोफ्यावर, समोर चहा निवत असताना.