सहाव्या भागावर सुनंदाबाईंचा राग

सुनंदाबाईंनी पुस्तक माझ्या टेबलावर असं आपटलं की पेपर वाचत बसलेले दोन म्हातारे आबा दचकले.

"हे घे तुझं पुस्तक! सहा भाग वाचले, अन् शेवटी दोघी बोलतच नाहीत? बाप्पा, बाप्पा! त्यापेक्षा शेतात केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापली असती तर काही कामाला आलं असतं."

बावीस वर्षं मी सावद्याच्या या वाचनालयात ग्रंथपाल आहे, पण एवढ्या शिव्या खाल्लेलं पुस्तक पाहिलं नाही. 'चौघींचा डबा' ही मुलींसाठीची कादंबरीमाला. शाळेतल्या चार मैत्रिणींची गोष्ट. पाचव्या भागात त्यातल्या रेवा आणि नंदू यांचं बिनसलं, आणि आमच्या गावच्या पोरी दीड वर्ष सहाव्या, म्हणजे शेवटच्या भागाची वाट बघत बसल्या. तो आला, तर काय? दोघी बसस्टँडवर समोरासमोर उभ्या, दोघींना वाटतं आधी तिनं हाक मारावी, आणि बस सुटते. संपलं पुस्तक! मला स्वतःला इतकी तिडीक आली की त्या दिवशी मी जेवताना नवऱ्याशी भांडले.

अभिप्रायाच्या वहीत पोरींनी नुसता जाळ काढला. 'लेखिकाबाईंना मैत्रीण नसावी.' 'शेवटची तीस पानं छापायची राहिली का?' कॉलेजातल्या मोहिनीनं तेवढं 'असंच होतं' असं लिहिलं, तर तिच्याखाली तिघींनी तिलाच झापलं. नववीतल्या मयुरीनं तर स्वतःचा शेवट लिहून आणला: नंदू चालत्या बसमधून उडी मारते, पाय मोडून घेते, आणि रेवा दवाखान्यात डबा घेऊन येते. तो कागद तिनं पुस्तकाला स्टेपल करून टाकला. मी ओरडले, पण कागद काढला नाही. खरं सांगायचं तर तोच शेवट मला बरा वाटला.

पोरींचं ठीक आहे हो, पोरीच त्या. सुनंदाबाई छप्पन्न वर्षांच्या. शिक्षण सातवी, नवऱ्याच्या बरोबरीनं केळीत राबलेल्या, दोन लेकी सासरी पोचवलेल्या. शेजारच्या मुलीचा पहिला भाग परत करायला म्हणून आल्या आणि चाळता चाळता इथल्या बाकावर चाळीस पानं वाचून गेल्या. मग दर गुरुवारी यायच्या. पानावर बोट ठेवून वाचायच्या, मध्येच थांबून "काय मेली हट्टी आहे ही रेवा!" असं मोठ्यानं म्हणायच्या. तोंड फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत, असा माझा समज होता.

"अहो, पुस्तकावर एवढं काय चिडायचं?" मी म्हटलं.

त्या बाकावर मटकन बसल्या. "मले वाटलं, आधी कोनं बोलायचं ते पुस्तकात सांगतीन."

आणि मग सगळं बाहेर आलं. अमळनेरच्या इंदिराबाई म्हणजे त्यांची माहेरची मैत्रीण. एका गल्लीतल्या, एका बाकावरच्या. चाळीस वर्षं सुखदुःखात एकत्र. चार वर्षांपूर्वी इंदिराबाईंच्या मुलीचं लग्न निघालं आणि सुनंदाबाईंना पत्रिका आली मोबाईलवर. दारात कोणी आलं नाही, कुंकू नाही, अक्षत नाही. यांच्या अंगाचा तिळपापड झाला. इथल्याच, इंदिराबाईंच्या दूरच्या नात्यातल्या भिकुबाईंच्या दारी अक्षत गेली, आणि आपल्याला मोबाईलवर चित्र? गेल्याच नाहीत लग्नाला. त्यानंतर ना हिचा फोन, ना तिचा. आता यांच्या मुलाचं, तेजसचं लग्न महिन्यावर आलं होतं. इंदू मांडवात नसली तर माझ्या तोंडात घास जायचा नाही, म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मला राग आवरेना. "मग बसा त्या रेवा-नंदूसारख्या! पुस्तकातल्या पोरी निदान पंधरा वर्षांच्या आहेत, तुम्हाला काय झालंय? उद्याच्या उद्या जा. आणि रीतसर पत्रिका घ्या, अक्षता घ्या. त्यांनी मान दिला नाही ना? तुम्ही देऊन दाखवा."

ही अक्कल माझी, बरं का. कोणी विचारलं नव्हतं, मीच पाजळली. वर सोबतही गेले. सावद्याहून एसटीनं भुसावळ, तिथून गाडीनं अमळनेर. वाटभर सुनंदाबाई मांडीवर ताट धरावं तशी पत्रिका-अक्षतांची पिशवी धरून बसल्या होत्या. पहिलं वाक्य काय बोलायचं ते चारदा म्हणून दाखवलं, चारही वेळा वेगळं.

दार इंदिराबाईंनीच उघडलं. उंच, सडपातळ बाई, हाताला पीठ लागलेलं. मी मागून कोपर मारलं तेव्हा सुनंदाबाईंनी पुढे होऊन कुंकू लावलं, पत्रिका दिली, हातावर अक्षता ठेवल्या. "तेजसचं लगन आहे. यायचं बरं."

इंदिराबाई तळहातावरच्या त्या पिवळ्या तांदळांकडे बघतच राहिल्या.

"मले अक्षत आणली तू?"

"मंग? तुझ्यासारखी मोबाईलवर धाडू का?" सुनंदाबाईंच्या तोंडून गेलंच. पाठ केलेल्या चार वाक्यांतलं एकही नाही. मी कपाळाला हात लावला.

इंदिराबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"दीडशे घरी अक्षत दिली मी. जावा, नणंदा, व्याह्यांची मानसं, तुझ्या गावची ती भिकुबाई. सगळी मानाची. तुले कायले द्यायची? घरच्या मानसाले कोनी अक्षत देते का वं? पत्रिका छापायले जायच्या आधी तुले धाडली, सगळ्यांच्या आधी तुले दिसावी म्हनून. आठ दिवस आधी येशीन, पापड लाटशीन, म्हनून माझ्या खोलीत तुझी गादी टाकून ठेवली होती. लगन लागेपर्यंत उचलू दिली नाही कोनाले."

सुनंदाबाई तिथंच उंबऱ्याशी बसल्या. "इंदू, एक फोन तरी करायचा होता वं," त्या म्हणाल्या.

"तू केला?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. अक्षतांची कल्पना माझी, असं तरी सांगायला हवं होतं. बावीस वर्षं पुस्तकांत बसून ऐन वेळी एक शब्द सुचला नाही, असा संताप आला स्वतःचा!

इंदिराबाईंनी पाणी दिलं, चहा केला, मला दोनदा बिस्किटं घ्या म्हणाल्या. सुनंदाबाईंचा कप तसाच गार झाला. निघताना त्यांनी इंदिराबाईंचा हात धरला. "येशीन ना?"

इंदिराबाईंनी अक्षता पत्रिकेत नीट गुंडाळल्या आणि देवापाशी नेऊन ठेवल्या.

"येईन ना. रीतसर बोलावनं आहे. लगनाच्या दिवशी येईन, जेवायच्या टायमाले. पाहुणे येतात तशी."