हिलाच तेवढा ठसका

डोकं उठायच्या आदल्या दिवशी माझं नाक कुत्र्याचं होतं. शेजारी कोणी सुकट भाजली, पलीकडच्या रिसॉर्टवाल्याने फरशीवर फिनेल ओतलं, की तो वास खिळ्यासारखा कपाळात घुसतो. कर्जतच्या डॉक्टरांनी याला अर्धशिशी म्हटलं, गोळ्या दिल्या. कळंबजवळच्या माझ्या सासरी मात्र ते कोणाला पटेना. "वासानं कुणाचं डोकं दुखतं का गं? चुलीपुढं बसायला नको, दुसरं काय! नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई म्हणायच्या.

त्या दुपारी मी डोक्याला फडकं आवळून अंधारात पडले होते. सासूबाई घमेल्यात निखारे घेऊन दृष्ट काढायला आल्या, मागोमाग थोरले दीर. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. "आई, धूर नको, मरेन मी," मी हात जोडले. पण ऐकतंय कोण! आमच्याकडे मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर नजर जबर लागली असं समजतात. दारातून येणारा वारा सगळा धूर माझ्याच अंगावर लोटत होता. बाकी कोणी खोकलंसुद्धा नाही. मी मात्र ठसकून ठसकून भडाभडा ओकले.

"आमाला काय नाय, हिलाच तेवढा ठसका," थोरले दीर म्हणाले. "ही नजर नाय, आई. आत कोणतरी बसलंय."

त्यांनी माझे केस धरून तोंड धुरात दाबलं. मी किंचाळले तशी कानाखाली वाजवली. मग माझंही डोकं फिरलं. रक्त येईस्तोवर मी त्यांच्या मनगटाला चावले आणि घमेलं लाथाडलं. निखारे त्यांच्या पायांवर उडाले. ते नाचायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"बाईमाणसात एवढं बळ असतं का रं?" सासूबाई भिंतीला टेकून ओरडत होत्या.

तेवढ्यात नवरा खोपोलीहून कामाची पाळी संपवून आला. माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांसमोर माझ्या शेजारी तोच बसला होता, गोळ्याही त्यानेच आणल्या होत्या. त्या एकाने मानलं तर बाकीचं घर गेलं खड्ड्यात.

त्याने भावाला बाजूला सारलं. माझ्यापुढे उकिडवा बसला आणि अगदी हळू विचारलं, "कोण हायस तू?"

"तुमची बायको," मी म्हणाले.

तो मागे वळला. "आई, खरं बोलतंय का ते?"