न लिहिलेलं वाक्य

आमच्या खोलीतला फळा सहजासहजी पुसायला मनाई होती, त्यामुळे किस्से साचतच गेले. जयपूरच्या त्या संस्थेत आमच्या गाइड मॅडमकडे मी आणि शलाका असे दोघंच मराठी संशोधक. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. त्यांच्याबद्दलचं म्हणणं तर्कशास्त्राच्या एका वाक्यात मांडायचं, एवढंच आमचं काम. नियम असा, की एकाने लिहिलेलं वाक्य फोल ठरवणारं चित्र दुसरा काढत नाही, तोवर ते पुसायचं नाही!

*

पहिल्याच आठवड्यात मला लिहायचं होतं, 'प्रत्येक बिंदूला कोणीतरी शेजारी आहे.' क्रम उलटा झाला आणि 'कोणीतरी एक सगळ्यांचा शेजारी आहे' असं लिहून बसलो. मॅडम म्हणाल्या, "चारदीवारीतल्या अख्ख्या जुन्या शहराला एकच शेजारी? बिचारा झोपतो कधी?" शलाकाने आठवडाभर ते फोल ठरवणारं चित्रच काढलं नाही. मुद्दाम!

*

शलाकाची अडचण वेगळी. कोरा फळा दिसला की तिला घाम फुटायचा आणि भीतीपोटी ती काहीबाही लिहायची. एका सेमिनारमध्ये तिला सांगितलं, "कुठल्याही बिंदूपासून कुठल्याही बिंदूपर्यंत जाता येतं, हे लिही." तिने लिहिलं, जास्तीत जास्त तीन रेषांनी. मी चार लागतील असं चित्र काढलं. तिने चार केल्या, मी पाच. फळा संपला! ती रडवेली झाली.

मॅडम म्हणाल्या, "अगं, रेषा कितीही लागोत, हे आपल्या तर्काच्या भाषेत एका वाक्यात लिहिताच येत नाही. अशा वेळी खडू खाली ठेवायचा." तेच तर तिला जमत नव्हतं.

*

तिचे बाबा रेल्वेत, घर प्रताप नगरला. डबा द्यायला आले की दारातूनच विचारायचे, "लिहून झालं का गं?" रिटायर होण्याआधी त्यांना लेक पीएचडी करून डॉक्टर झालेली बघायची होती.

*

व्हायव्हाच्या दिवशी बाबा मिश्री माव्याच्या मिठाईचा बॉक्स घेऊन बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. मी आत, मागच्या खुर्चीत. परीक्षकांनी तिला तासभर सोलून काढलं आणि मग खडू पुढे केला. "कहीं से भी कहीं तक पहुँच सकते हैं. एक वाक्य में लिखिए."

तिने खडू फळ्याला टेकवला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, लिहू नकोस!

मिनिटभराने तिने खडू खाली ठेवला.

"नहीं लिख सकते, सर."

बाहेर बाबांनी ते ऐकलं. गुपचूप बॉक्स पिशवीत घातला आणि जिन्याकडे निघाले.

परीक्षक उठले आणि थेट दारात गेले.

"अरे, डॉक्टर साहिबा के पापा! मिठाई लेकर कहाँ चले?"