सत्तेचाळिसावं

यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात दुपारी चहाला डॉक्टर मॅडम आणि मी बसलो, की किस्से निघतातच. पोटातल्या बाळाची गुणसूत्रं बरोबर आहेत ना, हे बघायला आईच्या पोटातून सुईने बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून नागपूरच्या लॅबला पाठवायचं. मॅडम पाणी काढणार, मी घरच्यांना समजावणार. घाबरलेल्या माणसांशी रोज बोललं की गोष्टी साठतच जातात.

घाटंजीकडच्या एका सासूबाईंना मी फोनवर सांगितलं, पाण्याची तपासणी आहे, सुनेला घेऊन या. त्या सुनेला घेऊन आल्या, आणि सोबत विहिरीच्या पाण्याची भरलेली कॅन. मी बघतच राहिले, तर म्हणाल्या, "हापशीचंबी लागते का?"

ते कापसाचे वाईट दिवस होते. कापसाला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी नागपूर रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावून रास्ता रोको केला, आणि नेमकी आमचा नमुन्याचा डबा नेणारी गाडी त्यात अडकली. उशीर झाला तर पेशी मरतात, मग त्या बाईला पुन्हा सुई. ड्रायव्हरने हात जोडून डब्यात काय आहे ते सांगितलं. रस्त्यावर पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, बाई कुठल्या गावची? ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं.

"जाऊ द्या रे," म्हातारा म्हणाला, "आपलीच असन."

बैलगाड्या बाजूला झाल्या.

त्या डब्यात कळंबच्या सुनीताचा नमुना होता. रिपोर्ट आला: सेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस. एक चिमुकलं जास्तीचं गुणसूत्र, आणि ते काय करेल कुणी सांगू शकेना. घरचे म्हणाले, पाडून टाका. सुनीता नुसती रडत होती. मॅडम म्हणाल्या, आधी दोघांचं रक्त तपासू. तिचा नवरा प्रल्हाद जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा, धिप्पाड गडी. सुई बघून त्याने डोळे गच्च मिटले.

लॅबचा फोन आला आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच. तेच जास्तीचं प्रल्हादच्या रक्तात निघालं! जन्मापासून होतं, त्याचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बाळालाही धोका फारच कमी. आम्ही दोघींनी शाळेतल्या पोरींसारखी टाळी दिली.

पोरगी पुढे ठणठणीत जन्मली. पण मला आठवतो तो रक्ताच्या रिपोर्टचा दिवस. मी सगळं समजावलं. प्रल्हादने पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली आणि ताठ बसला. सुनीताने डोळे पुसले, नवऱ्याला खालून वर न्याहाळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे जास्तीचं तं मी लग्नापासून सांभाळून राह्यली."