साडूंचे समाधानी ग्राहक

मेलेल्या माणसांना कामाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला.

लासुर्ण्याला त्यांची पेरूची बाग आहे. व्यापारी टेम्पो भरून माल नेतात आणि पेरू कुणाच्या बागेतला हे खाणाऱ्याला कधी कळतच नाही, हे साडूंना सलायचं. म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी बारामतीला ऑनलाइन मार्केटिंगचा तीन दिवसांचा क्लास लावला आणि स्वतःच्या हातानं वेबसाइट बांधायला घेतली. घर बांधावं तशीच बांधली. लॅपटॉपपुढे बसायचं ते आंघोळ करून, पायताण उंबऱ्याबाहेर काढून. मुहूर्ताला कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून त्यातली दोन बटणं दाबली की वर येत नाहीत. पासवर्ड गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं लिहिला. "अहो, तो गुप्त ठेवायचा असतो," मी म्हटलं, तर म्हणाले, "हितं म्हशींबिगर कोन वाचतंय, पाव्हणं?" साइट सुरू झाली त्या दिवशी लग्नाचं आवतण द्यावं तशा दारोदार अक्षता देऊन आले. "साइटीवर यायचं हां, सहकुटुंब!"

अक्षता मलाही मिळाल्या होत्या, म्हणून एका दुपारी मी साइट उघडली. घरात एकटाच होतो. वीज गेलेली, पंखा थांबलेला, बाहेर उसाचं पानही हलत नव्हतं. वर पेरूचे फोटो होते. खाली सरकत गेलो तर 'आमचे समाधानी ग्राहक' अशी ओळ आली आणि तिच्याखाली बावड्याचे तात्या माझ्याकडे बघून हसत होते. या तात्यांना मी चैत्रात खांदा दिला होता! त्यांच्या शेजारी आणखी वीस चेहरे, आणि एकही जिवंत माणसाचा नाही. कुणाच्या खांद्यावर कापलेल्या हाराची झेंडूची कड तशीच राहिलेली. प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवा ठिपका आणि अक्षरं: 'आत्ता ऑनलाइन'. इतक्यात कोपऱ्यात एक चौकट उघडली. 'तात्या लिहीत आहेत…' तीन टिंबं वरखाली व्हायला लागली. थांबली. पुन्हा सुरू झाली. मी बघत राहिलो. तात्या जिवंतपणी चार शब्दांच्या वर कधी बोलले नाहीत. आता एवढं काय सांगत होते? मी लॅपटॉप मिटला आणि अंगणात उन्हात जाऊन बसलो. भर उन्हात हातांवर काटा होता.

दुसऱ्या दिवशी लासुर्णे गाठलं. साडूंनी शांतपणे खुलासा केला. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की ग्राहकांचे फोटो आणि अभिप्राय टाका, त्याशिवाय विश्वास बसत नाही. ग्राहक तर एकही नव्हता. पण आमच्याकडे माणूस गेला की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, आणि तेरावं झालं की तोच फ्लेक्स कडब्याची गंजी झाकायला जातो. साडूंनी गंजी-गंजी हिंडून फोटो काढले होते.

"जित्या मानसाचा काय भरवसा?" ते म्हणाले. "आज गोड म्हनंल, उद्या आंबट. ही मंडळी आता शब्द फिरवायची न्हाईत."

"आणि ते लिहीत आहेत, ते?"

"ते साइटीच्या रेडीमेड साच्यातनंच आलंय. मला काढता येत न्हाय."

ऑर्डर एकही येत नव्हती, माणसं मात्र येत होती. परगावी गेलेली मुलं बापाला बघून जात. कळंबची एक म्हातारी तर साडूंच्या ओसरीवर येऊन, डोक्यावर पदर घेऊन, लॅपटॉपपुढून तासभर हलत नसे. मी तिला पाणी विचारलं तर ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "गप ऱ्हावा. ते लिवत्यात."

"काढा हे सगळं," मी साडूंना म्हटलं. "ही फसवणूक आहे."

त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. पान खाली सरकवत शेवटच्या चेहऱ्यावर थांबले. त्यांचे थोरले भाऊ. बांधावरून दोघांचं बोलणं तुटलं ते नऊ वर्षं तुटलेलंच, आणि गेल्या साली थोरले गेले. एवढ्या काळात त्यांनी बांधाअलीकडचा एक पेरू तोंडात घातला नव्हता. फोटोखाली साडूंनी लिहिलं होतं: 'माझ्या धाकट्याच्या पेरूला तोड नाही.'

"बाकीची काढतो," साडू म्हणाले. "ह्यो न्हाय. पर वैनींच्या कानावर गेलंय. त्या काढ म्हनल्या, तर काढावाच लागंल."

वहिनी त्याच दिवशी आल्या, भांडणानंतर पहिल्यांदा बांध ओलांडून. मला वाटलं, आता गाव गोळा होणार. पण त्या लॅपटॉपपुढे टेकल्या आणि ती ओळ बोट फिरवत वाचली.

"हे ह्यांनी कवा म्हनलं, भावजी?"

"न्हाय म्हनले," साडू जमिनीकडे बघत पुटपुटले. "म्हनाया पायजे हुतं."

तेवढ्यात कोपऱ्यात चौकट उघडली. 'दादा लिहीत आहेत…' तीन टिंबं वरखाली व्हायला लागली. साचा आहे हे तिघांपैकी दोघांना पक्कं माहीत होतं, तरी तिघंही थांबलो. गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली, असं मला आजही वाटतं.

मग वहिनींनी सुस्कारा सोडला. "ह्यांचं आता लिवून व्हायचं न्हाय. आना एक पेरू."

साडू अनवाणी बागेत पळाले. वहिनींनी पेरू सावकाश खाल्ला, बियांसकट. साडूंचा चेहरा मला बघवेना.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "माझं नाव लिवा, फोटूबी लावा. ह्यांना सोडा आता."

साडूंनी थोरल्यांच्या फोटोवर बाण नेला. पडद्यावर प्रश्न आला: 'नक्की काढायचं?' साडूंचं बोट बटणावर अधांतरी राहिलं, खाली येईना.

"कुठलं दाबायचं?" वहिनींनी विचारलं. साडूंनी मान वळवून बटण दाखवलं. वहिनींनी पेरूनं चिकट झालेलं बोट पदराला स्वच्छ पुसलं, आणि हलकेच टेकवलं.