पालकांचा शेरा, इंग्रजीत

पत्रक लिहिताना मागणी पहिल्या ओळीत टाकायची, असं मला शिकवलंय. लोक उभ्या उभ्या वाचतात, दुसऱ्या ओळीपर्यंत थांबतीलच असं नाही. म्हणून मागणी आधी सांगते: गृहपाठाच्या वहीतली 'पालकांचा शेरा, इंग्रजीत' ही ओळ काढून टाका. कारणं बरीच आहेत, ती पत्रकात येतील. इथं एकच सांगते. ते पत्रकात बसत नाही, कारण त्यात मी धुतल्या तांदळाची नाही.

सातवीत मी 'अ' तुकडीत होते. शाळा सदाशिव पेठेत, घर कसब्यात. 'अ' म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, 'ब' म्हणजे सगळं मराठीतून. 'ब'मधली मुलं काही कमी हुशार नव्हती, पण त्यांना कुणी काही विचारायचं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धा, शिष्यवृत्तीचे जादा तास, प्रयोगशाळेची किल्ली, सगळं 'अ'कडे. आईला हे पक्कं ठाऊक होतं. मी 'अ'मध्ये राहायचं, एवढं एकच तिचं माझ्याकडे मागणं होतं.

इंग्रजीच्या बाई शुक्रवारी गृहपाठ द्यायच्या आणि सोमवारी वही गोळा करायच्या. वाचनाच्या पुस्तकातली चार पानं घरी मोठ्यानं वाचायची, पालकांनी ऐकायची, मग गोष्ट आपल्या शब्दांत एक पानभर लिहायची. त्याच्याखाली बाई रबरी शिक्का मारून द्यायच्या. शिक्क्यात दोन रिकाम्या ओळी होत्या. एक पालकांच्या शेऱ्याची, तो इंग्रजीतच हवा. दुसरी सहीची. काही चुकलं तर लाल फुली. एका सत्रात तीन फुल्या झाल्या की दिवाळीनंतर 'ब'.

माझी आई एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात कामाला होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, पानं क्रमानं लावायची, शिवायची. आयुष्यात तिनं किती इंग्रजी पुस्तकं शिवली याची मोजदाद नाही, त्यातली ओळ तिला वाचता येत नव्हती. आकडे ओळखले की पानं लागतात, असं ती म्हणायची. मराठी चौथीपर्यंत शिकली होती आणि सावकाश, गोल अक्षरात लिहायची.

ऐकायचं म्हणजे तिच्या लेखी खरंच ऐकायचं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की ती भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "वाच." मी इंग्रजी वाचायचे. मग म्हणायची, "आता मराठीत." मी गोष्ट मराठीत सांगायचे. मग प्रश्न. तो म्हातारा एकटाच का राहत होता? त्या बाईचं घर चालवत कोण होतं? चार पानांना दोन तास लागायचे. वर्गातल्या इतर मुलींच्या घरी वडील पेपरमधून डोकं न काढता सही करून टाकत, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग ते वाचन त्यांनी ऐकलेलं नाही."

पहिल्या आठवड्यात तिनं शेऱ्याच्या ओळीवर मराठीत लिहिलं: 'वाचन ऐकले. कोल्ह्याला उगाच फसवले.' बाईंनी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, इंग्रजीतच. दुसऱ्या आठवड्यात आईनं ओळ रिकामी सोडली. इंग्रजी येत नाही म्हणून इंग्रजीत लिहिलं नाही, इतकं साधं. दुसरी फुली. बाई वर्गात म्हणाल्या, "घरी लक्ष द्यायला कुणाला वेळ नसेल, तर 'ब'मध्ये जागा आहे. तिथं कुणी ऐकायला लागत नाही." वर्ग हसला. मीही थोडी हसले. न हसणं अजून वाईट दिसलं असतं.

एकच फुली उरली होती आणि सत्र पुष्कळ उरलं होतं. घरी जाऊन मी आईला सांगितलं की शाळेनं शेरा आणि सही मागणं बंद केलंय, नुसतं ऐकलं तरी चालतं. तिला बरं वाटलं. पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या आधी शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मी शेरा लिहिला. अक्षर माझं वाटू नये म्हणून पेन डाव्या हातात धरलं. 'आय एन्जॉइड द स्टोरी. व्हेरी नाइस.' खाली आईचं नाव इंग्रजीत, वाकडं. बाईंनी बरोबरची खूण केली.

असे नऊ आठवडे. दर सोमवारी सकाळी प्रार्थनेचे शब्द तोंडातून निघायचे आणि डोळे बाईंच्या टेबलावरच्या वह्यांच्या चळतीवर असायचे. चांगलं वाचायला लागले होते, सारांशाला 'उत्तम' मिळत होतं, पण मला फक्त खालच्या दोन ओळी दिसायच्या. आणि रविवारी आई तशीच भिंतीला टेकून, दोन तास. ती विचारायची, शाळा चांगली चाललीय ना? मी म्हणायचे, हो.

त्यानंतरच्या आठवड्यात वहीची शिलाई सुटली. हे दुसऱ्या कुठल्याही घरात घडलं असतं तर नवी वही आणली असती. माझ्या आईनं सुई-दोरा घेतला आणि वही उसवून पानं मांडीवर पसरली. शिवणाऱ्या माणसाची नजर पानभर फिरतेच. पहिले दोन सोडले तर प्रत्येक शिक्क्यात काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ते तिनं लिहिलेलं नव्हतं.

तिनं विचारलं, हे कोण लिहितं. मी सांगितलं. कुणाच्या नावानं, तेही सांगितलं. मार बसेल असं वाटलं होतं. तिनं एका पानावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

"मला गोष्ट आवडली. फार छान."

"ही त्या धुणंवालीची ना? ती मला मुळीच आवडली नव्हती."

त्या गोष्टीत एक बाई महिनाभर एका बंगल्यातलं धुणं धुते, शेवटी मालकीण तिला जुना कोट देते आणि ती गुडघे टेकून आभार मानते. काम केल्यावर गुडघे कसले टेकते, असं आई त्या रविवारी म्हणाली होती. तिच्या नावावर मी 'फार छान' लिहिलं होतं.

वही शिवून झाल्यावर ती म्हणाली, "या वेळचं मी लिहिणार. मराठीत सांगते, तू इंग्रजीत काढून दे. मी गिरवीन."

त्या आठवड्याच्या गोष्टीत एक गरीब मुलगा हरवलेलं घड्याळ परत करतो आणि सगळे त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतात. आई म्हणाली, लिही: ऐकली, समजली, शेवट पटला नाही. त्याला चोर आधी म्हणाले, त्याबद्दल माफी कुणी मागितली? माफीचं वाक्य लांब होत होतं, ते मी गाळलं. बाकीचं कागदावर काढून दिलं. 'आय लिसन्ड. आय अंडरस्टूड. आय डिड नॉट लाइक द एंड.'

गोष्ट या वेळी आम्ही शुक्रवारीच वाचली होती. शनिवारी ती छापखान्यातून कात्रणांचा गठ्ठा घेऊन आली, पुस्तकांच्या कडा कापल्यावर उरणाऱ्या लांब पट्ट्यांचा. त्यावर तिनं ती तीन वाक्यं गिरवली. रविवारी सकाळीही गिरवली. दुपारी हात धुतले, कोरडे केले आणि वहीत उतरवली. ओळ खाली उतरत गेली होती, अक्षरं एकमेकांना धरून उभी होती. खाली तिनं मराठीत सही केली. ती तिची होती, ती कशाला बदलायची.

मी वही दप्तरात ठेवली. बोलायला हवं होतं, की नऊ सोमवार वेगळं अक्षर गेलंय. माझ्या लक्षात आलं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून सांगता आलं नाही.

सोमवारी बाईंनी वही उचलून मला उभं केलं. मागची पानं उलटली, पुन्हा हे पान काढलं.

"नऊ आठवडे एक अक्षर, आज दुसरं. सहीसुद्धा वेगळी. वर आगाऊपणा, म्हणे शेवट आवडला नाही. हे कुणी लिहिलं?"

खरं सांगायचं तर नऊ खोटे शेरे कबूल करावे लागत होते. नऊ म्हणजे थेट 'ब'. खोटं सांगितलं तर एकच, आणि एकाची फुली कदाचित माफ झाली असती. हा हिशोब करायला मला वेळ लागला नाही, याची मला आजही चीड येते. तेरा वर्षांच्या मुलीला असला हिशोब करायला लावणाऱ्या शिक्क्याची चीड येते, आणि माझीही येते.

मी म्हटलं, "मी लिहिलं."

"वाटलंच. आईच्या नावावर आपली मतं खपवायची."

त्यांनी आईच्या तीन वाक्यांवर आडवी लाल रेघ ओढली आणि खाली इंग्रजीत लिहिलं, खोटा शेरा, पालकांनी भेटावे. फुलीचं मग ठरवू म्हणाल्या.

संध्याकाळी आईनं वही मागितली. रेघ तिला दिसली. "वाच," ती म्हणाली. मी वाचलं. ती म्हणाली, "आता मराठीत."

मी म्हटलं, "भेटायला बोलावलंय."

"आणि पहिले शब्द?"

"तुझं वाचलं, असं."

"मग रेघ कशाला?"

मी म्हटलं, वाचलं की मारतात. तिनं मान हलवली. तिच्या कामातही तपासलेल्या कागदावर खूण करत असत.

बुधवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. इस्त्रीची साडी नेसली. वाटेत मला विचारत होती, इंग्रजीच्या बाईंशी मराठीत बोललं तर चालेल ना. मी हो म्हणत चालत होते. शाळा येऊच नये असं वाटत होतं आणि ती दर पावलाला जवळ येत होती.

बाईंनी तिला खुर्ची दिली. त्या वाईट नव्हत्या, हे लिहायला हवं. म्हणाल्या, "आपण मनाला लावून घेऊ नका, पण मुलीनं आपल्या नावानं खोटा शेरा लिहिलाय. तिनं वर्गात कबूल केलंय." आणि वही आईपुढे सरकवली.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. लाल रेघेखालच्या आपल्या अक्षरांकडे पाहत राहिली. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. एक वाक्य पुरलं असतं.

मग तिनं विचारलं, "'ब'मध्ये गेली, तर परत वर येते का?"

"सहसा नाही," बाई म्हणाल्या.

"मला कुठं इंग्रजी येतंय, बाई," आई म्हणाली. "पोरीनंच लिहिलं असणार."

"मग आधीचे शेरे?"

"मी सांगते, शेजारच्या ताई लिहून देतात."

"असं होय. मग तेच चालू ठेवा की." बाईंनी वही मिटली. "या वेळी फुली देत नाही. आपण स्वतः आलात म्हणून."

आईनं त्यांचे आभार मानले. उभं राहून, हात जोडून.

परत येताना मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "रस्ता बघ." घरी आल्यावर साडीची घडी घातली आणि कात्रणांचा उरलेला गठ्ठा चुलीशेजारच्या रद्दीत टाकला.

रविवारी जेवणं झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मी इंग्रजी वाचलं, मग मराठीत सांगितलं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. अर्ध्या तासात संपलं. मी वही आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. तिनं दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

"तूच लिही. तुझं अक्षर चालतं तिथं."

ती भांडी घासायला उठली. मी पेन डाव्या हातात घेतलं.