हनुवटीची सावली

पडदा वर जातो तेव्हा दिसते सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. डावीकडे लोखंडी जिना, पाऊल पडलं की वाजणारा. उजवीकडे खिडकी, तिच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा. मधोमध एक स्टूल, त्याचा एक पाय आखूड. आणि तिन्ही भिंतींवर, पार छतापर्यंत, नुसते चेहरे. नाकं कागदाबाहेर निघालेली, कान सुपाएवढे, दात फावड्यासारखे. प्रत्येक चेहऱ्याखाली दोन शब्द आणि सही. ‘हा मीच.’ किंवा ‘ही मीच.’ खालून चाकात हवा भरल्याचा आवाज येतोय. एवढ्यात जिना वाजतो आणि खांद्याला कापडी पिशवी लावलेली, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई आत येते. आत जमलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवते. खोलीतला प्रत्येक जण नकळत तोंड मिटून घेतो.

ती माझी मेहुणी. माझ्या बायकोची धाकटी बहीण, म्हणून घरात तिचं नाव धाकटीच राहिलं. व्यंगचित्रकारांच्या मंडळात मात्र तिला सगळे दाढताई म्हणायचे. दातांच्या दवाखान्यात ती पुढच्या टेबलावर बसायची, नंबर द्यायची, फोन घ्यायची आणि चित्राच्या कोपऱ्यात सहीऐवजी दोन मुळांची एक छोटीशी दाढ काढायची. ती दाढ दिसली की चित्र तिचं.

दवाखान्यातल्या नोकरीनं तिला चेहरे शिकवले. सुजलेले गाल घेऊन माणसं तिच्यासमोर बसून राहायची आणि ती जुन्या कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांना उतरवून घ्यायची. मला म्हणायची, “भावजी, दाढ ठणकत असली ना, की माणूस स्वतःचा चेहरा घालून येतो. एरवी भाड्यानं आणलेला असतो.” एकदा डॉक्टरांच्या हाती स्वतःचंच चित्र लागलं. त्यात ते डोक्याला दिवा बांधून एका पेशंटच्या तोंडात कमरेपर्यंत शिरलेले होते, बाहेर नुसते पाय. डॉक्टर इतके हसले की पेशंटला खुर्चीत तसंच तोंड उघडं ठेवून थांबावं लागलं. त्यांनीच तिला त्यांच्याकडची एक बोथट झालेली आकडी देऊन टाकली, दात कोरायची. वाळलेली शाई खरवडायला तिच्यासारखं हत्यार नाही. ती आकडी कायम तिच्या पिशवीत.

मी रंगभूमीवरून उतरलो आणि घरात नुसता बसून राहिलो, तेव्हा हिनंच मला त्या लोखंडी जिन्यावर चढवलं. “तुमचा आवाज कपाटात कुजतोय, भावजी. आमच्याकडे बातम्या वाचायला माणूस नाही.” तर मी मंडळाच्या बातम्या वाचायला लागलो. कुणाचं प्रदर्शन कुठल्या वाचनालयात लागलंय. कुठल्या पेपरानं रोजची चित्रपट्टी बंद करून तिथं शब्दकोडं घातलंय. कुणी झेरॉक्सवर स्वतःचं कॉमिक छापलंय आणि पानं उलटी शिवल्यामुळे त्यातला खुनी पहिल्याच पानावर पकडला जातोय. मी हे सगळं राजाच्या मृत्यूची वार्ता आणलेल्या दूताच्या थाटात वाचायचो. लोक हसायचे. फार सुंदर दिवस होते ते, आणि फार प्रेमळ लोक. हे मी अजूनही म्हणतो.

बातम्यांनंतर स्टूल. मंडळाचा एकच नियम होता. नव्या माणसानं त्या लंगड्या स्टुलावर बसायचं, सगळ्यांनी त्याला काढायचं, आणि त्या चित्रांतलं जे सगळ्यात जास्त टोचेल ते त्यानं स्वतः निवडायचं. खाली लिहायचं ‘हा मीच’, सही करायची आणि भिंतीवर लावायचं. आवडलेलं चित्र घरी न्यायला मोकळीक होती. भिंत टोचणाऱ्याची. दुसऱ्याचं नाक लांब करायचा हक्क इथून मिळतो, असं ते मानायचे. धाकटीनं मला काढलं ते टाळ्यांना वाकून नमस्कार करताना. मी एवढा वाकलोय की माझं डोकं माझ्याच पायांमधून मागं निघालंय, आणि तिथून मी बघतोय, विंगेतले पण टाळ्या वाजवतायत का. टोचलं. आजही टोचतं. सही केली.

माझ्या बायकोला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आजारपणात केस गेले, तेव्हा एक दिवस बहिणीला म्हणाली, “मलाही बसव गं तुमच्या त्या स्टुलावर.” आम्ही तिला धरून वर नेलं. सगळ्यांनी तिला काढलं. आणि सगळ्यांनी, ज्यांनी आयुष्यभर कुणाची भीडभाड ठेवली नव्हती त्यांनीही, तिला सुंदर काढलं. डोळ्यांत करुणा, ओठांवर मंद हसू. धाकटीनं काढलं अंड्यातून नुकतंच फुटून आलेलं एक पिल्लू. काटकुळी मान, टक्कल, बटबटीत डोळे, आणि चोच वासून ते समोर रांगेत उभ्या असलेल्या डॉक्टरांना झापतंय. बायको हसता हसता खोकायला लागली. म्हणाली, “बाकीच्यांनी मला आत्ताच फ्रेममध्ये घातलंय. हिनं तेवढं जिवंत ठेवलंय.” हात थरथरत होता तरी तिनं लिहिलं, ‘ही मीच.’ पुढे ती गेली. चित्र खिडकीशेजारी राहिलं.

मग सायकलवाल्याला त्याची खोली हवी झाली. मंडळावर रस्त्यावर यायची पाळी आली, आणि नेमके तेव्हा फरशीसाहेब उगवले. फरशांचा मोठा व्यापार, तीन मजली शोरूम. वरचा हॉल मंडळाला वापरायला देतो म्हणाले. त्यांना लहानपणापासून कॉमिक्सचं वेड, आणि मनात एकच इच्छा, मंडळाचे सभासद व्हायची. माणूस वाईट नव्हता. मला तर पहिल्या दिवशी आवडलाच होता.

ते स्टुलावर बसले. धाकटीनं नेहमीसारखं एकदा पाहिलं आणि सरळ हनुवटीला हात घातला. हनुवटी म्हणजे एक भरगच्च उशी, कॉलरवर आरामात टेकलेली, आणि तिच्यावर साहेबांचं छोटंसं डोकं ठेवलेलं, दुकानात दागिना मांडावा तसं. उशीची गर्द सावली शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत. खोली हसली. साहेबही हसले, पण फक्त ओठांनी. “वा. छान. सही नंतर करतो, आत्ता पेन नाहीये जवळ.” ज्या खोलीत प्रत्येकाच्या कानावर पेन होतं, तिथं हे वाक्य बोललं गेलं आणि कुणीही पेन पुढे केलं नाही.

दोनेक दिवसांनी मंडळाचा सेक्रेटरी दवाखान्यात आला. हा पेपरात रोजचं चौकटीतलं चित्र काढतो, मंत्र्यांना गाढवावर बसवतो, आणि मंत्री भेटले की त्यांच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. मी तिथं दाढ दाखवायला गेलेलो, त्यामुळे सगळं कानांनी ऐकलं.

“ताई, साहेबांची हनुवटी जरा आत घ्या ना.”

“मी दाताच्या डॉक्टरांकडे काम करते. ते काम सर्जनचं.”

“चेष्टा नको हो. हॉल जाईल. मग मंडळ कुठं भरवायचं?”

“बागेत भरवू. बसस्टॉपवर भरवू. स्टूल मी उचलून आणते.”

“एका हनुवटीसाठी?”

धाकटीनं फोन बाजूला ठेवला. “हे बघ, तुला हवं तर तू काढ त्यांना. राजबिंडे काढ, माझी ना नाही. पण त्याच्या कोपऱ्यात माझी दाढ नको. त्या भिंतीवर माझी थोरली आहे. तिनं सही केली ना तसल्या चेहऱ्याखाली? मग मी कुणाचा खोटा चेहरा माझ्या नावानं तिच्या शेजारी लावू?”

“नाही नाही ताई, असं कसं होईल,” असं म्हणत सेक्रेटरीनं दोन्ही हातांनी तिचा हात दाबला. गेल्यावर तिनं तो हात रुमालाला पुसला. “घाम होता,” म्हणाली.

मग वार्षिक मेळावा आणि हॉलचं उद्घाटन एकाच दिवशी. काय तो हॉल. फरशी एवढी गुळगुळीत की वाकलं तर स्वतःच्या नाकपुड्या दिसाव्यात. व्हार्निशचा उग्र वास, गार बिस्किटं, कोमट चहा. एका बाजूला कॉमिक्सची टेबलं, एका कोपऱ्यात लहान मुलं मांजर काढायला शिकत होती, आणि खरं सांगतो, त्या हॉलमध्ये प्रामाणिक चेहरे तेवढेच होते, मांजरांचे. भिंतीवरची सगळी चित्रं सेक्रेटरीनं काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणली होती. समोर एक फ्रेम मखमलीच्या कापडाखाली झाकलेली. मी माईकवर बातम्या वाचल्या. मग सेक्रेटरीनं माईक घेतला आणि जे सुरू केलं त्याला भाषण म्हणायला माझी जीभ वळत नाही. आयुष्यात मी वाईट नाटकं पुष्कळ केली, पण इतकं तूप कुठल्याच लेखकानं माझ्या तोंडी घातलं नव्हतं. साहेब म्हणजे आधारवड, साहेब म्हणजे रसिकाग्रणी. शब्द नुसते ओघळत होते, आणि सेक्रेटरी मधूनमधून जिभेनं ओठ चाटत होता.

मखमल सरकली. चित्र तेच. पण हनुवटी गायब. पांढऱ्या रंगाखाली ती बुजवली होती आणि तिथं एक घोटीव, तुकतुकीत जबडा बसवला होता, मासिकातल्या शेव्हिंग क्रीमच्या जाहिरातीतला वाटावा असा. घाईत एक गोष्ट मात्र राहिली. शर्टावरची सावली तशीच होती. जबडा एवढासा, आणि त्याच्याखाली दुसऱ्या बटणापर्यंत त्या उशीची गर्द सावली. आणि कोपऱ्यात दोन मुळांची दाढ.

आता ऐका. त्या हॉलमध्ये बसलेल्या लोकांचं पोट बघण्यावर चालतं. भुवई रेषाभर वर गेली तरी ज्यांना कळतं, असे लोक. सगळ्यांना ती सावली दिसली. पहिल्या रांगेतल्या एका जुन्या चित्रकारानं शेजाऱ्याच्या गुडघ्याला बोट लावलं, शेजाऱ्यानं पाहिलं, दोघांनी माना खाली घातल्या. आणि मग दोघांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज ओल्या फडक्यांसारखा होता. मी टाळ्यांवर जगलेला माणूस, पण त्या दिवशी मला कानात बोटं घालावीशी वाटली.

चहाची गर्दी झाली तेव्हा धाकटी भिंतीच्या कडेकडेनं एकेक फ्रेम बघत चालली. एका फ्रेमपाशी थांबली आणि मला बोटानं बोलावलं. माझी बायको. ते पिल्लू, ती चोच. पण खालची दोन शब्दांची ओळ नव्हती. फ्रेमच्या आत चारी बाजूंनी रुंद मोतिया पुठ्ठा लावला होता आणि तो ‘ही मीच’च्या वरून गेला होता. शेजारच्या चित्राचं तेच. त्याच्या शेजारच्याचंही. माझंही.

सेक्रेटरी बिस्किट खात जवळ आला.

“सह्या कुठं गेल्या?” धाकटीनं विचारलं.

“आहेत की ताई, पुठ्ठ्याखाली. अगदी सुरक्षित. काय झालं, साहेबांनी सही केली नाही. त्यांचं एकट्याचंच बिनसहीचं दिसलं असतं, ते बरं नाही. म्हणून सगळ्यांचं सारखं करून घेतलं. आणि बघा ना, किती नीटनेटकं दिसतंय.”

त्याच्या ओठाच्या कडेला बिस्किटाचा चुरा होता. धाकटी त्या चुऱ्याकडे बघत राहिली. पेशंटच्या तोंडात कीड दिसली की ती अशीच बघायची.

मग तिनं बहिणीची फ्रेम खाली उतरवली. टेबलावर पालथी घातली. पिशवीतून डॉक्टरांची ती आकडी काढली आणि मागचे खिळे एकेक करून उचकटले. पुठ्ठा काढला, चित्र परत बसवलं, फ्रेम माझ्या हातात दिली. थरथरत्या अक्षरातली ओळ पुन्हा दिसायला लागली. मग तिनं स्वतःच्या चेहऱ्याचं चित्र उतरवलं. तेही असंच मोकळं केलं. हॉल बघत होता. मला वाटलं, निदान तो जुना चित्रकार तरी येईल, म्हणेल, ताई, ती आकडी जरा द्या. तो चहात बिस्किट बुडवत राहिला. बिस्किट तुटून कपात पडलं, तेही त्यानं बोटानं शोधून खाल्लं.

आज त्या दोन फ्रेम आमच्या जेवणाच्या टेबलासमोर आहेत. धाकटी दर रविवारी येते, बहिणीच्या चोचीखाली बसून जेवते आणि मला नावं ठेवते. मंडळ त्या तुकतुकीत हॉलमध्ये भरतं. बातम्या कुणीतरी मोबाइलमध्ये बघून वाचतं म्हणे. स्टूल तिथं नेलंच नाही, फरशीवर चरे पडतात म्हणून. कुणी बोलवायला आलं तर ती त्यांना पाणी देते, चहा देते आणि दार लावून घेते. मंडळात ती त्या दिवशी बोलली ते शेवटचं.

आम्ही हॉलमधून निघालो तेव्हा फरशीसाहेब स्वतः दारापर्यंत आले. गोंधळलेले होते. कॉलरवर खरी हनुवटी टेकली होती आणि मला, तशाही मनःस्थितीत, तीच जास्त बरी वाटली. “ताई, रागावू नका,” ते म्हणाले. “चित्र तुमचंच आहे ना ते?”

धाकटीनं बूट नीट केले आणि सरळ उभी राहिली.

“त्यातली सावली तेवढी माझी आहे,” ती म्हणाली. “बाकी ज्यानं काढलंय, त्याच्या नावानं लावा.”